कशाक परब

मोरेश्वर परबांविषयी मी आजवर कुणाला धड काही सांगितलेलं नाही. बायकोने विषय काढला की मी उठून पाणी प्यायला जायचो. मुलाने विचारलं तेव्हा ‘होते एक विमा एजंट, डोकं खायचे’ एवढं बोलून पेपर उघडला होता. ते खोटं नव्हतं. परब खरोखरच डोकं खायचे. पण तेवढंच सांगून थांबणं ही लबाडी होती, आणि ती मी अर्धं आयुष्य निभावून नेली.

गेल्या महिन्यात मुलाच्या घरी एक आर्थिक सल्लागार बाई आल्या होत्या. मांडीवर लॅपटॉप, बोलणं गोड. त्यांनी आधी सुनेला विचारलं, “तुम्हाला पुढे काय काय करायचंय?” मग मुलाला, आणि मग माझ्याकडे वळून, “काका, तुमचं मृत्युपत्र झालंय ना?” मी उठून गॅलरीत गेलो. सुनेला वाटलं, मरणाचा विषय निघाला म्हणून सासरे दुखावले. मरणाचं मला काही नाही. माझं वय झालंय. पण हेच प्रश्न, ह्याच क्रमाने विचारणारा एक माणूस मला माहीत होता, आणि त्याच्यावर आलेला आळ खोटा होता हे माहीत असणारा, बायको गेल्यावर, आता मी एकटाच उरलोय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी, तीन मजली, लिफ्ट नाही. बहुतेक मंडळी आग्रा रोडवरच्या कारखान्यांत नाहीतर फोर्टातल्या कचेऱ्यांत नोकरीला. मी सेक्रेटरी होतो, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं.

परब राहायचे भांडुपला. माणूस बुटका, अंगात मातकट रंगाचा सफारी. तो इतका ढगळ, की कुणीतरी दिलेला वाटावा. पण जिने चढताना गुडघ्यात अडतो म्हणून त्यांनी तो मुद्दाम सैल शिवून घेतला होता. काखेत रेक्झिनची पिशवी. दारात आले की चपला काढून त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवायचे. “म्हणजे तुम्हाला धीर राहील, की हा माणूस जाणार आहे,” असं वर सांगायचे. जायचे मात्र नाहीत.

यायची वेळ रविवार संध्याकाळ. टीव्हीवर सिनेमा लागलेला, आमच्या मजल्यावर दोनच टीव्ही, त्यामुळे घरात शेजारपाजारची पोरंबाळं. नायिका रडायला लागली की बेल वाजायची. “अहो परब, ह्या वेळेला?” म्हटलं तर उत्तर तयार. “ह्या वेळेलाच सगळे घरात असतात.”

दुसरा एखादा एजंट असता तर पॉलिसीवर सही घेऊन पुढच्या दारात गेला असता. परब कागद पिशवीतच ठेवायचे. आपण म्हणावं, थोडे पैसे साठवायचे म्हणतोय, की ते मान वाकडी करून एरवीचं मुंबईचं मराठी सोडायचे आणि त्यांच्या मालवणीत विचारायचे, “कशाक?”

“कशाक म्हणजे? मुलांसाठी.”

“मुलांच्या कशाक? शिक्षणाक की लग्नाक?”

“ते बघू पुढे.”

“मग पुढेच येतो,” म्हणायचे आणि खरंच पिशवी उचलायचे. माणूस स्वतःहून पैसे द्यायला निघालाय आणि हा घेत नाही! तुमच्या तोंडून कारण बाहेर पडल्याशिवाय, तेही बायकोसमोर, ते कागदाला हात लावू देत नसत. ‘म्हातारपणासाठी’ हेसुद्धा त्यांना चालत नसे. म्हातारपणी कुठे राहणार, कुणाबरोबर, गावाला की इथे, दुधाची पिशवी आणायला कोण जाणार, इथपर्यंत खणायचे. बिल्डिंगमध्ये त्यांचं नावच ‘कशाक परब’ पडलं. पोरं जिन्यात त्यांना ऐकू जाईल असं ओरडायची. ते वर बघून हात हलवायचे.

आमच्या घरी त्यांनी जे केलं ते मी बरेच दिवस विसरलो नाही. मला स्कूटर घ्यायची होती. साधी गोष्ट. परबांना म्हटलं, दोन-तीन वर्षांची काहीतरी योजना सांगा. तर म्हणाले, “आधी वहिनींना बसू दे. त्या बसल्याशिवाय मी चहा घेणार नाही.”

बायको हात पुसत येऊन बसली. परबांनी तिला विचारलं, “वहिनी, तुम्हाला काय हवंय?”

“मला काय हवं असणार? ह्यांना हवं तेच.”

“ते त्यांनी सांगितलं. मी तुमचं विचारतोय.”

बायको शाळेत उत्तर द्यावं तशी सरळ बसली आणि म्हणाली, “वेगळं घर.”

आत स्वयंपाकघरात आई शेंगदाण्याचं कूट करत होती. खलबत्ता थांबला. मी परबांकडे डोळे वटारून बघितलं. त्यांना ते समजलंच नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. आई बत्ता हातात घेऊनच बाहेर आली. मला वाटलं, संपलं. तर ती परबांसमोर उभी राहून म्हणते, “आणि मला रे मेल्या कोण विचारणार? मलाही वेगळंच हवंय. हिच्या हातची गोड आमटी खाऊन तोंडाची चव गेली माझी.”

“तुम्हीच म्हणायच्यात ना, गूळ घाल म्हणून!” बायको म्हणाली.

“चिमूटभर म्हटलं होतं गं! ढेप नव्हे!”

“छान,” परब म्हणाले. “दोघींचं एकमत आहे.”

मी म्हणालो, “परब, मी स्कूटरचं विचारलं होतं.”

“स्कूटर घेऊन जाणार कुठे? आधी कोण कुठे राहणार ते ठरू दे.”

त्यानंतर आमच्या घरात जे काय झालं ते मी सांगत नाही. पुढे आई आणि बायको ह्या विषयावर इतक्या मोकळेपणाने बोलायला लागल्या की त्यांची मैत्रीच झाली, आणि मी मात्र दोघींच्याही तक्रारीचा धनी झालो. स्कूटर आली नाही. ह्याचा सगळा राग मी परबांवर धरला. आतून, व्यवस्थित जपून धरला.

मृत्युपत्राचा विषय काढायला तर त्यांना वेळकाळ लागायचा नाही. “समजा” ह्या शब्दाने सुरुवात. पहिल्या मजल्यावर बारसं होतं, पाळणा म्हणून झाला, घुगऱ्या वाटल्या, आणि परब बाळाच्या बापाला कोपऱ्यात गाठून म्हणतायत, “समजा, उद्या तुम्ही नसलात...” बाळाच्या आजीच्या कानावर ते गेलं. तिने सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. “अहो, शुभ कार्यात हे काय अभद्र बोलता?”

परब शांतपणे म्हणाले, “आजी, माझ्या बोलण्याने माणसं मरायला लागली असती तर सरकारने मला सैन्यात नसतं का घेतलं?”

लोक हसले, आजी नाही. पण त्या घरात पुढे परबांनी घुगऱ्या संपेपर्यंत समजावून सांगितलं, की सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लावलं म्हणजे झालं असं नाही. नॉमिनी चावी सांभाळतो, घर कुणाचं ते मृत्युपत्राने ठरतं. कुणी ऐकत नव्हतं. ते बोलत राहिले.

आणखी एक खोड. एका घरातलं दुसऱ्या घरात त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. आमच्यातला एक जण सारखा खोदायचा, “शेजारचा जोशी किती भरतो हो?” परब लगेच त्यांच्या गावच्या फणसांबद्दल बोलायला लागायचे. यंदा कापा कमी धरला, बरका जास्त. विचारणारा कंटाळून जाईपर्यंत फणस.

तर ह्या माणसावर शेवटी जो ठपका आला, तो असा.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तात्या गावडे राहायचे. गिरणीतून निवृत्त झालेले, बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. घर सांभाळायची त्यांची धाकटी बहीण, सुलूआत्या. तिला नवऱ्याने टाकलं होतं. भावाच्या घरी आली ती वहिनीचं आजारपण काढायला, आणि मग भावाच्या मुलाला, विलासला, तिनेच वाढवलं. विलास नोकरीसाठी बडोद्याला गेला, तिथलाच झाला. पत्र नाही, फेरी नाही. तात्यांना हृदयाचं दुखणं जडलं आणि त्यांना एकच घोर लागला. आपण गेल्यावर विलास घर विकणार, सुलू कुठे जाणार? कायद्याने सगळं मुलाचं. बहिणीला उंबऱ्यावरही हक्क नाही.

परबांनी त्यांना मार्ग काढून दिला. सुलूआत्याने हयात असेतोवर त्या घरात राहावं, तिच्यामागे घर विलासला मिळावं. कुणावरच अन्याय नाही. मृत्युपत्र तयार झालं. त्यावर दोन साक्षीदार लागतात. तात्यांनी त्यांच्यासमोर सही करायची किंवा ‘ही माझी सही’ असं सांगायचं, आणि मग त्यांनी तात्यांसमोर सही करायची. एक साक्षीदार खालच्या दवाखान्यातले डॉक्टर. ते सकाळी तात्यांना तपासायला गेले, तात्यांनी त्यांच्यासमोर सही केली, डॉक्टरांनीही केली. दुसरा साक्षीदार मी. हा तात्यांचा हट्ट. “सेक्रेटरीच होयो. उद्या माझो झील विलास येऊन भांडलो, तर सोसायटीचो माणूस होयो समोर.”

त्याच संध्याकाळी परब माझ्या दारात. दिवस कामाचा, मी नुकताच घरी आलेलो, आणि आई आणि बायको वेगळ्या घराला मुलुंड बरं की डोंबिवली ह्यावर बोलत बसलेल्या.

“सेक्रेटरी, दोन जिने चढायचे आणि एक सही करायची. तात्या वाट बघतायत.”

त्यांना बघूनच माझं डोकं फिरलं. वाटलं, बसू दे ह्यालाही थोडा वेळ वाट बघत. तोंडातून निघालं, “पितृपक्ष चालू आहे, परब. पंधरवड्यात मृत्युपत्रावर सही नको. सर्वपित्री होऊन जाऊ दे.”

मी पितृपक्ष वगैरे मानत नव्हतो. आमच्या घरी आदल्याच दिवशी नवा पंखा आणला होता. परबांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, “पितरांचंच तर काम आहे. ह्याच्यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?”

“नाही म्हणजे नाही.”

“मी थांबतो हवं तर. जेवून घ्या.”

“परब, प्रत्येक गोष्टीत मागे लागायचं नसतं माणसाच्या!” मी जरा जोरातच बोललो. आई आणि बायकोचं बोलणं थांबलं. परबांनी वळवून ठेवलेल्या चपलांत पाय घातले आणि ते गेले.

त्यांनी मग शेजारच्यांना विचारलं. तात्यांचीही समजूत घातली, की दुसरा कुणीही चालेल. पण तोवर माझं वाक्य जिन्याने वरखाली फिरलं होतं. ‘सेक्रेटरीसुद्धा थांबलेत म्हणे, पक्ष पंधरवडा आहे.’ एरवी एकमेकांच्या कुंड्यांवरून भांडणारी आमची माणसं, ह्या एका बाबतीत एकदम धार्मिक झाली. मी रागाच्या भरात फेकलेली सबब आख्ख्या बिल्डिंगचा नियम होऊन बसली. परब पुन्हा आले तेव्हा मी बायकोला सांगायला लावलं, घरात नाहीत म्हणून. मी आतल्या खोलीत होतो.

सर्वपित्रीच्या आधीच तात्या गेले. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत.

विलास आला, दिवस केले, आणि वकील घेऊन आला. वकिलाने कागद बघितला आणि सांगितलं, एकच साक्षीदार आहे, ह्याला अर्थ नाही. तेराव्याला आम्ही सगळे तात्यांच्या घरी सतरंजीवर बसलो होतो. सुलूआत्या आत पुऱ्या तळत होत्या. त्यांच्या घरातलं ते शेवटचं मोठं काम असणार होतं आणि ते त्यांना माहीत होतं. परब दाराशी बसलेले. फणसवाल्या उत्तरांनी ज्याला नेहमी टोलवलं होतं, तोच आमचा शेजारी मोठ्याने म्हणाला, “काय हो कशाक परब? दुनियेला मृत्युपत्रं शिकवत फिरता, आणि दुसरी सही नाही घेतलीत? एका बाईची वाट लावलीत ना!”

मी परबांच्या समोरच होतो, हातात पाण्याचा तांब्या. वाटलं, आता हा माणूस माझ्याकडे बोट दाखवणार. त्याला पूर्ण हक्क होता. परबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“राहिली,” ते म्हणाले.

“राहिली म्हणजे?”

“राहिली.”

मग सगळेच तुटून पडले. एजंटांना कमिशनशी मतलब, ज्यात कमिशन नाही ते काम अर्धवट. बारशातल्या आजींनी तर सांगून टाकलं, ह्याच्या तोंडातच अपशकुन आहे. पितृपक्षाचं म्हणून ज्यांनी दारं लावून घेतली होती, तेही बोलत होते. मी पाणी वाढत राहिलो. बायको बायकांच्या घोळक्यातून माझ्याकडे बघत होती. मी तिकडे गेलो नाही.

पुढच्याच सभेत ठराव झाला, की एजंटांना इमारतीत मज्जाव. नोटीस सेक्रेटरीच्या सहीने लावायची होती. ती सही मी लगेच केली, पंधरवडा वगैरे न बघता.

आणि सुलूआत्या. घराचा सौदा झाला. गावाला चुलतभावाकडे निघाल्या तेव्हा चावी द्यायला माझ्या दारात आल्या. एक ट्रंक, एक वळकटी. म्हणाल्या, “तुमका आमचो खूप तरास झालो.” मी म्हणालो, “नाही नाही, त्यात काय.” काही वर्षांनी त्या चुलतभावाच्या पडवीतच वारल्या, एवढं कळलं.

परबांचा आमच्या भागातला धंदा जवळजवळ बसला. एका इमारतीतली बातमी पुढच्या गल्लीत जायला कितीसा वेळ लागतो? रविवारचा सिनेमा आता कुणी मोडत नव्हतं. आणि मला, खरं सांगायचं तर, बेल वाजली नाही की आणखीच चिडल्यासारखं व्हायचं. बायकोने एकदाच विचारलं, “अहो, तुम्ही लोकांना खरं सांगणार आहात की नाही?” “काय सांगायचं?” म्हटलं. ती पुन्हा बोलली नाही.

परबांना मी त्यानंतर एकदाच भेटलो. आता ते नाहीत. दशक संपत आलं होतं, मी सेक्रेटरीपद सोडलं होतं. एका सुट्टीच्या दिवशी उठलो आणि भांडुपला त्यांच्या चाळीत गेलो. काय बोलायचं ते ठरवून, पाठ करून.

त्यांच्याकडे एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं होतं. परब खाटेवर, जोडपं जमिनीवर चटईवर. परब वाळले होते, सफारी जाऊन सदरा-पायजमा आला होता. मला त्यांनी दारात बघितलं. “बसा. हे एवढं संपवतो,” म्हणाले. त्यांच्या पत्नीने मला खुर्ची दिली.

मुलगी म्हणत होती, “आमचं आत्ताच लग्न झालंय काका, मृत्युपत्र कशाला आत्तापासून?”

“करशील तेव्हा कर. पण सुरू केलंस तर अर्धवट ठेवू नकोस गं,” परब म्हणाले. “माझ्या हातून एकदा राहिलं. म्हातारा माणूस, बहिणीची सोय करायची होती त्याला. एक सही राहिली, आणि ती बाई घराबाहेर झाली.”

“कुणामुळे राहिली?”

“माझ्यामुळे.”

मी खुर्चीच्या कडेला आलो. परब माझ्याकडे नाही, मुलीकडेच बघत होते, आणि आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला किती बरं झालं असतं.

“साक्षीदार येत नव्हता,” ते म्हणाले. “माणूस वाईट नव्हता, वैतागला होता. माझ्यावर सगळेच वैतागायचे. मी त्याच्या दारात बसून राहायला हवं होतं. रात्रभर बसलो असतो तर शेवटी कटकट जावी म्हणून तरी आला असता. मी एजंट. चिकटपणा हाच माझा धंदा. नेमका त्या दिवशी मी शहाण्यासारखा परत गेलो.”

“आम्ही नाही तसं करणार,” मुलगा म्हणाला, आणि तिघं हसले.

मी मुलुंडहून काय घेऊन आलो होतो? एक वाक्य. ‘परब, सही तुमच्याकडून राहिली नाही, मी केली नाही, मला माफ करा आणि हे मी सोसायटीच्या सभेत उभं राहून सांगणार आहे.’ आणि ह्या माणसाने माझी चूक उचलून स्वतःच्या नावावर लावूनही टाकली होती, बोधकथेसारखी वापरायलाही काढली होती. मला त्यांचा पुन्हा राग आला. माफी मागायला आलो होतो आणि मलाच राग आला, हेही लिहून ठेवतो.

जोडपं गेलं. खोलीत आम्ही तिघंच उरलो. बोलायला कसलीही अडचण नव्हती.

“बोला,” परब म्हणाले. “काय काम काढलंत?”

“काही नाही. इकडे आलो होतो, सहज.”

ते माझ्याकडे बघत थांबले. नेहमीसारखे, समोरच्याच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत कागदाला हात न लावणारे. मग त्यांनीच मान खाली घातली आणि म्हणाले, “बरा केलात.”

त्यांच्या पत्नीने चहा आणून दिला. मी प्यायला लागलो तशा त्या म्हणाल्या, “साखर कमी नाय ना पडली?”

“नाही,” मी म्हणालो. “बरोबर आहे.”

आणि कप रिकामा करून निघालो.